माशाची कातडी, खवले आणि पर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी टाकीत मासे पाळणारे, झूलॉजीच्या प्रॅक्टिकलची तयारी करणारे आणि बाजारातून आणलेला मासा साफ करताना मधेच थांबून नीट बघणारे, अशा तिन्ही प्रकारच्या लोकांचे प्रश्न इथे एकत्र केलेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, माशाची कातडी अगदी वरच्या पेशीपर्यंत जिवंत असते. हे एकदा डोक्यात बसलं की मासा हातात कसा धरायचा इथपासून औषध का लागू पडत नाही इथपर्यंत बरंच काही उलगडतं.

माशाच्या कातडीत थर किती असतात?

मुख्य थर दोन, वरचा एपिडर्मिस आणि खालचा डर्मिस. डर्मिसच्याही खाली चरबीचा सैलसर थर असतो, हायपोडर्मिस, तो पुढे स्नायूंना जोडलेला असतो. नावं आपल्याच कातडीसारखी आहेत पण फरक फार मोठा आहे. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा भाग मेलेल्या, केराटिनने (नखा-केसांतलं टणक प्रोटीन) भरलेल्या पेशींचा असतो, अंघोळीत आपण मळ म्हणून जे घासून काढतो त्यात ह्याच पेशी असतात. माशाकडे असं मेलेलं कवच नसतं. त्याच्या एपिडर्मिसमध्ये पेशींचे थोडेच थर असतात, खवल्यांवर आणि परांवर तर ते फारच पातळ असतात, आणि पाण्याला टेकलेली शेवटची पेशीसुद्धा जिवंत असते. आपल्यात नवीन पेशी फक्त तळाच्या थरात तयार होतात आणि वर सरकत सरकत मरतात, माशात मात्र वरच्या थरातल्या पेशीसुद्धा विभागू शकतात.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वरच्या पेशींवर वळणावळणाच्या बारीक कडा दिसतात, त्यांना मायक्रोरिजेस म्हणतात. वरचा चिकट थर जागेवर धरून ठेवायला त्या उपयोगी पडतात असं मानलं जातं.

केराटिनचा अपवाद एकच सांगतो कारण टाकीवाल्यांना तो लागतो. गोल्डफिश आणि त्याच्या जातकुळीतल्या नर माशांना विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या काठावर पांढरे टणक दाणे येतात, ते खरंच केराटिनचे असतात. पुष्कळ लोक त्याला व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग, समजून औषध ओततात. दाणे फक्त ह्या दोन जागी, साधारण रांगेत असतील आणि मासा मस्त खातपीत असेल तर काहीही ओतू नका.

खवले सगळ्यात बाहेर असतात ना?

नाही, आणि जवळजवळ सगळ्यांचा हाच समज असतो. बोनी फिश म्हणजे हाडं असलेल्या माशांचा खवला डर्मिसमध्ये एका पिशवीत रुतलेला असतो, त्याची पुढची बाजू आत आणि मागची बाजू कौलांसारखी मागच्या खवल्यावर आलेली, आणि ह्या बाहेर आलेल्या भागावरसुद्धा एपिडर्मिसचं पातळ जिवंत पांघरूण असतं. त्यामुळे सुरीने खवले काढताना आपण खवल्याबरोबर एपिडर्मिस पण ओरबाडून काढतो आणि पिशव्या उघड्या पाडतो.

जिवंत माशाचा खवला निघाला तर हेच होतं, तिथे उघडी जखम झालेली असते. नुसतं "एक खवला तर गेला" म्हणून सोडून देऊ नका, दोन-तीन दिवस त्या जागेवर लक्ष ठेवा.

अंगावरचा बुळबुळीत थर काय असतो?

म्युकस. एपिडर्मिसमध्ये गॉब्लेट सेल नावाच्या फुगीर पेशी असतात, त्या म्युसिन नावाची साखर जोडलेली प्रोटीन्स बनवतात आणि वर येऊन रिकाम्या होतात. म्युसिन पाणी धरून ठेवतं म्हणून तो बुळबुळीतपणा येतो. पण त्यात फक्त म्युसिन नसतं. लायसोझाइम असतं जे बॅक्टेरियाची भिंत फोडतं, अँटिबॉडीज असतात, आणि जंतू मारणारे छोटे पेप्टाइड असतात, त्यातलं प्लुरोसिडिन नावाचं पेप्टाइड विंटर फ्लाउंडर ह्या चपट्या माशाच्या कातडीच्या म्युकसमधून वेगळं काढलं गेलं. शिवाय हा थर सारखा झडत असतो आणि नवा येत असतो त्यामुळे चिकटू पाहणारे जंतू त्याच्याबरोबर वाहून जातात.

डिस्कस मासे पाळणाऱ्यांना ह्याचं सगळ्यात सुंदर रूप बघायला मिळतं. पिल्लं पोहायला लागली की आई आणि बाप दोघांच्याही अंगाला चिकटून कातडीवरचा म्युकस खातात, सुरुवातीचे दिवस तेच त्यांचं मुख्य खाणं. म्हणून पिल्लं लगेच वेगळी काढणं अवघड जातं.

मग मासा हातात धरायचा की नाही?

गरज असेल तरच, आणि धरायचा तर आधी हात त्याच्याच पाण्यात ओले करून. कोरड्या हाताला किंवा टॉवेलला म्युकस चिकटून येतो आणि त्याबरोबर वरच्या पेशी पण येतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत आत यायला बघत असतं आणि क्षार बाहेर जायला, कातडी हे थोपवून धरते. ती सोलवटली की तिथून पाणी आत शिरतं, क्षार बाहेर जातात, आणि ते भरून काढण्यात माशाची ताकद खर्च होते. जखमी माशाच्या टाकीत लिटरला १ ते ३ ग्रॅम साधं मीठ टाकतात त्याचं मुख्य कारण हेच, आतल्या-बाहेरच्या क्षारांतला फरक थोडा कमी होतो आणि माशाचं काम हलकं होतं. मात्र टाकीत झाडं असतील किंवा कोरिडोरास (तळाला फिरणारा छोटा कॅटफिश) असेल तर मीठ जपून, दोघांनाही ते फारसं मानवत नाही, जखमी मासा वेगळ्या भांड्यात काढलेला बरा.

गळाला लागलेला मासा परत सोडायचा असेल तर तापलेल्या कातळावर किंवा वाळूवर टाकून फोटो काढणं बंद करा. तो पोहत निघून गेलेला आपल्याला दिसतो पण अंगावरची कातडी गेलेली असते आणि नंतर बुरशी धरते, ते बघायला आपण तिथे नसतो.

डर्मिसमध्ये काय असतं?

दोन भाग. वरचा सैल, त्यात रक्तवाहिन्या, नसा, रंगाच्या पेशी आणि खवल्यांच्या पिशव्या. खालचा घट्ट, त्यात कोलॅजनचे जाड धागे थरावर थर रचलेले असतात, एका थराची दिशा वेगळी आणि त्याच्या खालच्या थराची दिशा त्याला छेदणारी. हे धागे अंगाभोवती तिरके गुंडाळल्यासारखे जातात म्हणून मासा डावीकडे-उजवीकडे वाकतो तेव्हा कातडीला सुरकुत्या पडत नाहीत आणि ती फाटतही नाही. शार्कमध्ये तर पोहताना कातडीवर जो ताण येतो त्याचा ती शेपटीकडे जोर पोचवायला उपयोग करते असं १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलं गेलं होतं.

खवल्यांचे प्रकार किती, आणि आपल्या बाजारातल्या माशांना कुठले असतात?

सायक्लॉइड खवला गोल आणि गुळगुळीत काठाचा. रोहू, कटला, तारली आणि महसीर ह्यांना हाच. टेनॉइड खवल्याच्या मागच्या काठाला बारीक दाते असतात, जिताडा किंवा तांबोशीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं की ते टोचतात. दोन्ही प्रकारांत वर हाडासारखा कॅल्शियम-फॉस्फेटवाला पातळ थर आणि खाली कोलॅजनचे थर. तिसरा प्लॅकॉइड म्हणजे शार्क आणि पाकटाचा, त्याचं खाली सांगतो. चौथा गॅनॉइड, जाड, चौकटीच्या आकाराचा आणि चकचकीत, तो उत्तर अमेरिकेतल्या गार माशाला आणि आफ्रिकेतल्या बिचिरला असतो, हे दोन्ही आता मोठ्या टाक्यांमध्ये दिसतात.

पापलेटचे खवले इतके बारीक आणि सैल असतात की जाळ्यात आणि टोपलीत घासूनच बरेच निघून जातात, म्हणून घरी आल्यावर ते बिनखवल्याचं वाटतं. सुरमईचं पण तसंच, खवले आहेत पण अगदी बारीक.

महसीरचं उलट आहे. आपल्या सह्याद्रीतला महसीर, शास्त्रीय नाव टोर खुद्री, कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवला. त्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत जेमतेम पंचवीसच्या आसपास खवले भरतात, रोहूला चाळीसच्या आसपास. म्हणजे एकेक खवला केवढा मोठा असेल बघा. महाडजवळ वाळण कोंडीला देवाचे म्हणून राखलेले महसीर आहेत, तिथे काठावरून हे खवले नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. मुळा-मुठेचं आज काय झालंय ते पुणेकरांना सांगायला नको, आणि ज्या नदीवरून ह्या माशाची पहिली नोंद झाली तिथेच त्याला जगायला पाणी उरू नये ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खवल्यावरून वय कळतं का?

खवल्यांची संख्या वाढत नाही, मासा वाढतो तसा तोच खवला काठाने वाढत जातो आणि प्रत्येक वाढीची बारीक कड त्यावर उमटते. वाढ मंदावली की कडा जवळजवळ येतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ जवळपास थांबते म्हणून तिथे वर्षाचं कडं स्पष्ट दिसतं. आपल्याकडे पाणी वर्षभर बऱ्यापैकी कोमट असतं त्यामुळे कडी पुसट येतात, कधी विणीमुळे किंवा उपासमारीमुळे खोटी कडीही येतात, म्हणून कानातला खडा म्हणजे ओटोलिथ कापून बघणं जास्त भरवशाचं. खवला एकदा पडून नवा आलेला असेल तर त्याच्या मध्यभागी कडा नसतात, नुसता मोकळा डाग दिसतो. वय बघायला असा खवला चालत नाही.

काही माशांना खवलेच नसतात, त्यांचं कसं भागतं?

शिंगाळा, मांगूर, समुद्रातली वाम, ह्यांना खवले नाहीत. बोंबलाला फक्त मागच्या अर्ध्या भागावर पातळ खवले असतात. खवले नाहीत म्हणून अंग उघडं आहे असं मात्र नाही. मांगूरचा एपिडर्मिस चांगला जाड असतो, त्यात गॉब्लेट पेशी आणि मोठ्या क्लब सेल्स (त्यांचं खाली सांगतो) दाटीने असतात, म्हणून तो हातातून इतका सटकतो. साफ करताना घरोघरी राख किंवा जाडं मीठ चोळतात ते हा थर काढायलाच. कॅटफिशच्या मिशांवर चवीचे बड्स असतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ते सगळ्या अंगभर कातडीतही विखुरलेले असतात, म्हणजे गढूळ पाण्यात न बघता हा मासा अंगानेच चव घेत फिरतो. टाकीत औषध घालताना बिनखवल्याच्या माशांना डोस कमी ठेवायला सांगतात, दुकानदाराने सांगितलं नाही तरी बाटलीवर वाचा.

निवटी पाण्याबाहेर इतका वेळ कशी राहते?

ठाणे-रायगडच्या खाड्यांच्या चिखलात ओहोटीला उड्या मारताना दिसते तीच. ती कल्ल्याच्या पोकळीत पाणी धरून ठेवते, आणि शिवाय कातडीतून श्वास घेते. इतर बहुतेक माशांमध्ये रक्तवाहिन्या डर्मिसपर्यंतच येतात, निवटीमध्ये केशवाहिन्या थेट एपिडर्मिसमध्ये शिरून पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन रक्तात मिसळायला अंतर फार थोडं उरतं. अट एकच, कातडी ओली पाहिजे. म्हणून ती मधूनमधून चिखलात लोळते.

मुशीची कातडी पॉलिशपेपरसारखी खरखरीत का?

कारण तिच्या अंगावर अक्षरशः दात आहेत. प्लॅकॉइड खवल्याच्या आत पल्प म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा असलेली पोकळी, त्यावर डेंटिन, त्यावर इनॅमलसारखं टणक आवरण, ही दाताचीच रचना आहे. सगळ्यांची टोकं शेपटीकडे वळलेली असतात म्हणून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला तर हात सोलतो. आणि हे एपिडर्मिस फोडून बाहेर आलेले असतात, बाकी माशांच्या खवल्यासारखे झाकलेले नसतात. एकेक दाता मोठा होत नाही, मुशी वाढते तसे मधे नवे उगवतात आणि जुने पडतात. त्यांच्यावरच्या उभ्या बारीक रेघांमुळे पोहताना पाण्याचा विरोध कमी होतो असं मानतात. पूर्वी लाकूड घासायला शार्कची कातडी वापरायचे. आणि मालवणात मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, मटण करायचं तर आधी कातडी काढावीच लागते, ती कितीही शिजवली तरी दाते काही जात नाहीत.

रंग कुठून येतो, आणि मासा अचानक फिका का पडतो?

रंगाच्या पेशी मुख्यतः डर्मिसमध्ये असतात. काळा-तपकिरी रंग मेलॅनोफोरचा, पिवळा-नारिंगी झँथोफोरचा, लाल एरिथ्रोफोरचा. चंदेरी चमक रंगद्रव्याची नसतेच, ती इरिडोफोर पेशींमधल्या ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून परतणाऱ्या उजेडाची असते. निळा रंगसुद्धा बहुतेक माशांत ह्याच स्फटिकांच्या रचनेतून येतो, खरं निळं रंगद्रव्य असलेला मँडरिन फिशसारखा मासा अगदी विरळा. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये एका माळा बनवणाऱ्याने अब्लेट नावाच्या छोट्या माशाच्या खवल्यांमधून हीच चमक धुऊन काढली आणि काचेच्या पोकळ मण्यांत भरून खोटे मोती केले.

फिकं पडणं म्हणजे मेलॅनोफोरमधले काळे कण पेशीच्या मध्यभागी गोळा होणं. ते पसरले की मासा गडद, गोळा झाले की फिका. नसांच्या हुकुमाने हे काही सेकंदांत-मिनिटांत होतं, हार्मोनने सावकाश. रात्री लाइट लावल्यावर निऑन टेट्रा फिका दिसतो तेही रंगाच्या पेशींतल्या अशा बदलांमुळेच, आजारी आहे म्हणून घाबरू नका. दिवसा, लाइट लावून तासभर झाल्यावरही फिकाच असेल तर पाणी तपासा.

एक मासा जखमी झाला की बाकीचे सैरभैर होतात, खरंय का?

खरंय, निदान रोहू, कोई, डॅनिओ आणि कॅटफिश ह्यांच्या मोठ्या गटात. कार्ल फॉन फ्रिश, मधमाश्यांच्या नाचामुळे ज्यांना आपण ओळखतो तेच, त्यांनी १९३८ मध्ये मिनो माशांवर हे दाखवून दिलं. कातडी फाटली की एपिडर्मिसमधल्या क्लब पेशी फुटतात, त्यातलं द्रव्य पाण्यात पसरतं आणि वास लागलेले मासे घोळका करतात, तळाला जातात किंवा गोठल्यासारखे थांबतात. क्लब पेशींना बाहेर उघडणारं तोंडच नाही, त्या फुटल्याशिवाय द्रव्य बाहेर येत नाही. म्हणून टाकीतला ओरबाडलेला मासा दुसऱ्या भांड्यात हलवला की थोडं पाणी पण बदलून घ्या, बाकीचे लवकर शांत होतात.

पर नेमका कशाचा बनलेला असतो?

दोन्ही बाजूंना कातडी, मधे पातळ डर्मिस आणि त्या डर्मिसमध्ये आधाराच्या काड्या. पसरलेल्या परामध्ये स्नायू नसतात, ते सगळे बुडाशी, अंगात असतात.

काड्या दोन तऱ्हेच्या. एक काटा, अखंड, टणक आणि टोकदार. दुसरी मऊ काडी, छोट्या छोट्या हाडांच्या तुकड्यांची साखळी, पुढे जाऊन फाटे फुटलेली. आणि मऊ काडीची खरी गंमत आत आहे, ती एक काडी नसून समोरासमोर ठेवलेल्या दोन अर्ध्या काड्यांची जोडी असते, मधल्या जागेत नस, रक्तवाहिनी आणि सैल ऊती. बुडाशी एका अर्ध्या काडीला स्नायूने ओढलं की ती दुसरीवरून किंचित सरकते आणि सगळी काडी एका बाजूला वाकते. म्हणजे आत स्नायू नसताना मासा पराला हवा तो बाक देऊ शकतो. अंगठ्याएवढा गप्पी टाकीत एका जागी स्थिर राहून पुढचे पर कसे हलवतो ते काचेजवळ जाऊन बघा, हेच चालू असतं. पुढच्या परांच्या नसा पर किती वाकलाय आणि कशाला लागलाय हे मेंदूला कळवतात, म्हणजे पर हे स्पर्शाचंही अंग आहे. रावसाच्या पुढच्या पराखाली सुटे चार धागे असतात ते तर मुख्यतः चाचपडायलाच.

काड्यांच्या टोकापलीकडे, पराच्या अगदी काठाला, इलॅस्टॉइडिनचे बारीक तंतू असतात. मुशीच्या परात हाडांच्या काड्या नसतातच, असेच जाड तंतू पूर्ण परात असतात, आणि शार्क फिन सूपसाठी जगभर शार्क मारले जातात ते ह्या तंतूंसाठी.

कुठला पर कशासाठी?

पाठीवरचा आणि पोटामागचा पर मासा कलंडू नये म्हणून, शेपूट ढकलायला, पुढची जोडी वळायला-थांबायला, पोटाखालची जोडी तोल सांभाळायला. पापलेटला पोटाखालची जोडी नसते. बांगड्याच्या शेपटीआधी वर पाच आणि खाली पाच सुटे छोटे पर असतात, ते शेपटीजवळचं पाणी वळवतात. बोंबील आणि शिंगाळ्याच्या पाठीवर मागे एक मांसल, बिनकाड्यांचा छोटा पर असतो, पुढच्या वेळी बाजारात नक्की बघा.

गोल्डफिशची जोडशेपटी ही माणसाने निवडून आणलेली गोष्ट आहे, कॉर्डिन नावाच्या जनुकातल्या बदलामुळे शेपटीचा पाया वाढीच्या सुरुवातीलाच दुभंगतो. दिसते छान, पण असा मासा जोरात पोहू शकत नाही, त्याला चपळ माशांबरोबर ठेवू नका, खाणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पर फाटला तर परत येतो का?

येतो, काड्यांसकट, आणि ही मला माशाच्या शरीरातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते. ह्यावरचं सगळ्यात जास्त काम झेब्राफिशवर झालंय, जो मुळात आपल्याच गंगा खोऱ्यातला, फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली नोंदवलेला. शेपटीचं टोक कापलं की एका दिवसाच्या आत बाजूचा एपिडर्मिस सरकून जखम झाकतो. माशाच्या एपिडर्मिसच्या पेशी ह्या बाबतीत इतक्या वेगवान आहेत की पेशी कशी चालते हे शिकायला शास्त्रज्ञ खवल्यावरच्या पेशी वापरतात. मग दोन-तीन दिवसांत प्रत्येक काडीच्या टोकाला ब्लास्टेमा नावाचा गोळा जमतो. हाड बनवणाऱ्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून पुन्हा कोवळ्या होतात, विभागतात आणि नव्याने हाड बनवायला लागतात. कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत शेपूट जवळपास पूर्ववत होते. बुडाजवळ कापलं तर वाढ वेगात होते, टोकाला कापलं तर सावकाश, म्हणजे किती गेलंय हे त्या जागेच्या पेशींना कळतं. आपलं बोट तुटलं तर हाडाच्या पेशी फक्त भेग बुजवतात, इथे मात्र पूर्ण अवयव पुन्हा उभा राहतो.

मर्यादा आहे. पर अगदी बुडापासून, आतल्या आधाराच्या हाडांसकट गेला असेल तर येत नाही. नवा भाग आधी पारदर्शक येतो, रंग नंतर भरतो, त्यामुळे काठाला काचेसारखी पट्टी दिसली तर ती चांगली खूण आहे.

फाटलेला पर, फिन रॉट आणि व्हाइट स्पॉट कसे ओळखायचे?

फाटलेला पर स्वच्छ दिसतो, काठ सरळ किंवा फटीसारखा. फिन रॉटमध्ये काठ पांढुरका किंवा लालसर, खाल्ल्यासारखा आणि रोज थोडा आत सरकणारा, ह्यात एरोमोनास, फ्लाव्होबॅक्टेरियम असे बॅक्टेरिया असतात आणि बहुतेक वेळा मूळ कारण खराब पाणी असतं. पाणी न बदलता औषध घालणं म्हणजे पैसे वाया.

व्हाइट स्पॉटचा परजीवी एपिडर्मिसच्या आत, त्याच्या तळाशी जाऊन बसतो. आपण बघतो तो पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या स्वतःच्या कातडीखाली झाकला गेलेला हा परजीवी. म्हणून पाण्यात घातलेलं औषध तिथे पोचत नाही. तो मोठा होऊन गळून पडतो, तळाला कवचात शेकडो पिल्लं करतो आणि ती पोहत नवा मासा शोधतात, औषध फक्त ह्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. त्यामुळे ठिपके गेले म्हणून औषध बंद केलं की आठवड्यात परत येतात. पूर्ण कोर्स करा, हे अगदी कळकळीने सांगतोय, कारण बहुतेक मासे ह्या एका घाईने जातात.

खवले सगळे उभे राहिले असतील तर तो कातडीचा रोग नाही, आत पाणी साठून ते खवल्यांच्या पिशव्यांत भरलेलं असतं. मूळ बिघाड किडनीत किंवा आतल्या इन्फेक्शनमध्ये असतो.

तळ्यातल्या माशांच्या अंगावर लाल खोल जखमा पडतात ते काय?

बऱ्याचदा ईयूएस, म्हणजे एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, साथीने पसरणारा जखमांचा रोग. अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स नावाची बुरशीसारखी जात कातडीवरच्या बारीक जखमेतून शिरते आणि डर्मिस पार करून स्नायूंत उतरते. भारतात हा रोग १९८८ साली ईशान्येकडून आला, मरळ आणि कार्प माशांना त्याने जबर फटका दिला. पाणी थंड झालं की जास्त होतो. धडधाकट कातडीतून तिला शिरायला अवघड जातं, त्यामुळे जाळं ओढताना मासे घासले जाणार नाहीत ह्याची काळजी आणि तळ्यात चुना, हे दोन उपाय शेतकऱ्याच्या हातातले. जखमा दिसल्या तर लगेच मत्स्य विभागाला कळवा.

शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर?

ह्या काट्यांवर कातडीचं आवरण असतं आणि विषाच्या पेशी त्या आवरणात असतात, काटा घुसला की आवरण फाटतं. विष प्रोटीनचं असतं आणि उष्णतेने बिघडतं, म्हणून हात-पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास ठेवतात. पाणी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासून घ्या. त्यानंतर डॉक्टरकडे जायचंच, काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर ओढून काढू नका, सरळ हॉस्पिटल.

माशाची कातडी भाजलेल्या जखमेवर लावतात म्हणे?

हो. ब्राझीलमध्ये फोर्तालेझाच्या डॉक्टरांनी टिलापियाची कातडी निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर लावली. त्यात आपल्यासारखंच टाइप वन कोलॅजन भरपूर असतं, ती जखमेला घट्ट धरते, ओलावा टिकवते आणि रोज ड्रेसिंग बदलण्याचा त्रास वाचतो. आइसलँडच्या केरेसिस कंपनीची कॉड माशाची कातडी अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये मान्य केली. हे सगळं प्रक्रिया केलेलं असतं, घरातली कच्ची कातडी जखमेवर कधीच लावू नका.

तळताना कातडी आकसून तुकडा का वळतो?

डर्मिसच्या कोलॅजनमुळे. तापलं की त्याचे धागे आखडतात, नंतर विरघळून जिलेटिन होतं. माशाचं कोलॅजन मटणाच्या कोलॅजनपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला सुटतं म्हणून मासा इतक्या लवकर शिजतो. बांगड्याला आडव्या चिरा देतात त्याने मसाला आत जातोच पण आखडणारा थर मधे मधे तुटल्यामुळे मासा सरळ राहतो.

प्रॅक्टिकलसाठी कातडीची स्लाइड बनवायचीये, काय सांभाळायचं?

मासा ताजा हवा, एपिडर्मिस मेल्यावर सगळ्यात आधी सुटून येतो आणि मग स्लाइडवर नुसता डर्मिस दिसतो, विद्यार्थी गोंधळतात. तुकडा बोटाने न पुसता लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये टाका. खवलेवाला भाग असेल तर ईडीटीएमध्ये कॅल्शियम काढून घ्या, नाहीतर मायक्रोटोमच्या पात्याखाली खवला सेक्शन फाडत जातो. एच अँड ई (हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) स्टेनमध्ये थर छान दिसतात, पण गॉब्लेट पेशी रिकाम्या फुग्यासारख्या दिसतात, त्यासाठी अल्शियन ब्लू आणि पीएएस हे स्टेन करा, आम्लधर्मी म्युसिन निळं आणि न्यूट्रल म्युसिन किरमिजी येतं. पहिल्यांदा करताय तर मांगूर घ्या, खवले नाहीत, एपिडर्मिस जाड आहे आणि क्लब पेशी इतक्या मोठ्या की कमी पॉवरवरही सापडतात.

आणि लॅब नसेल तर रोहूचा एक खवला साबणाच्या पाण्यात घासून दोन काचांमध्ये दाबून वाळवा, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर साधी लेन्स लावली तरी कडा मोजता येतात.